रंगवलेल्या भिंतींची शाळा

ज्या काळी अक्षरं धुळीत जन्मायची आणि धुळीतच निजायची, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी म्हणून सांगायला घेतली आहे. मोठ्यांनी ऐकली तर त्यांचंही काही बिघडणार नाही.

डोंगराच्या कुशीत नागझरी नावाचं एक गाव होतं. वेशीपाशी करंजाची जुनी झाडं, झाडांच्या सावलीत मातीच्या भिंतींची शाळा, आणि शाळेत नाना पंतोजी. नाना कधीपासून शिकवत होते, हे गावात कुणालाच नीट सांगता येत नसे. म्हाताऱ्यांना विचारावं तर ते म्हणत, आम्हालाही अंकओळख नानांनीच करून दिली.

या शाळेला राजाने एक शेत लावून दिलं होतं. त्यात पिकलेल्या नाचणीची भाकरी दुपारी मुलांना मिळे. आसपासच्या पाड्यांवरची मुलं डोंगर उतरून येत, ती निम्मी विद्येसाठी आणि निम्मी त्या भाकरीसाठी. नानांना त्यात काहीच वावगं वाटत नसे. रिकाम्या पोटी बाराखडीही उतरत नाही, असं ते म्हणत. राजाची अट मात्र एकच होती. अधूनमधून दरबारातून कुणीतरी परीक्षक येईल आणि मुलांना प्रश्न विचारील. उत्तरं आली तर शेत शाळेचं. नाही आली तर ते खोऱ्यातल्या दुसऱ्या गावच्या शाळेला जाईल.

त्या शाळेत कागद नव्हता, वह्या नव्हत्या. प्रत्येकापुढे एक लाकडी फळी असे. तिच्यावर विटेची बारीक भुकटी पसरायची आणि बोटाने लिहायचं. सूर्य डोंगराकडे कलला की नाना टाळी वाजवत. मग मुलं आपापली पाटी उचलून झटकत, आणि दिवसभराचं लिहिलेलं सगळं क्षणात धुळीत मिळे.

खरी गंमत त्यानंतर होती. सगळी मुलं बाहेर शेताच्या बांधावर येत, डोंगराकडे तोंड करून दोघं-दोघं बसत, आणि आज पाटीवर काय होतं ते एकमेकांना सांगत. याला मुलं ‘सांगणी’ म्हणत. सांगताना अडलं तर रडायचं नाही, शेजाऱ्याने लगेच उत्तर तोंडात घालायचं नाही. थांबायचं, आठवायचं, तरीही नाही आलं तर उद्या सकाळी सगळ्यात आधी तेच विचारायचं. आणि आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी नानांनी नवं काही शिकवलेलं कुणाला आठवत नाही. त्या दिवशी सगळं जुनं, तेही उलटंपालटं. दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हणता म्हणता मध्येच नक्षत्रं, नक्षत्रांमध्ये अडुळशाचा काढा.

दामोदर याच शाळेत वाढला. शाळेतल्या पहिल्याच दिवशी त्याने पाटीवर ‘श्री’ काढला होता. काय त्याची वेलांटी, आणि काय त्याचा डौल! आईला दाखवायला तो पाटी तशीच घरी न्यायला निघाला, आणि नानांनी ती त्याच्या हातातून घेऊन झटकली. दामोदरने रडून रडून डोळे लाल केले. नाना त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि त्याचं धुळीने माखलेलं बोट हातात धरून म्हणाले, “रडतोस कशाला? ‘श्री’ पाटीवरून गेला. या बोटातून गेलाय का, ते आईपुढे जाऊन बघ.”

त्या संध्याकाळी त्याने आईच्या चुलीपुढच्या राखेत ‘श्री’ काढला, आणि आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पण लहान मुलाचं मन ते. पुढचं गोड विसरलं आणि पाटी झटकल्याचं दुःख तेवढं धरून बसलं.

दामोदर मोठा झाला, दूरच्या राजधानीत विद्यापीठात गेला. तिथे पोथ्यांनी भरलेली दालनं होती आणि दालनांच्या भिंतींवर सोनेरी अक्षरांत श्लोक कोरलेले होते. बरीच वर्षं त्याने तिथे काढली. एके दिवशी गावाकडून निरोप आला की नानांची दृष्टी गेली, शाळा सांभाळायला कुणी नाही. दामोदरने पोथ्यांची पेटी भरली आणि तो नागझरीला परत आला.

शाळा होती तशीच होती. तीच करंजाची झाडं, तोच बांध, वाऱ्याबरोबर येणारा तोच विटेच्या धुळीचा वास. दाराशी घोंगडीवर बसलेल्या नानांनी पावलांच्या आवाजावरूनच त्याला ओळखलं. त्यांनी बस म्हटलं नाही, प्रवास कसा झाला हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “दामू, आज काय शिकलास?” लहानपणी रोज विचारत, तसंच. दामोदर हसला आणि त्यांच्या पाया पडला.

तो शिकवू लागला. पण सांगणीच्या वेळी त्याचा जीव तुटे. मुलं अडखळत, चुकत, डोकं खाजवत. पाड्यावरून येणारी येसू नावाची एक लहानगी होती. तिला तेराची दिडकी काही केल्या आठवेना, तेव्हा ती बांधावरचं गवत उपटत बसली. दामोदरला वाटलं, या लेकरांना इतका त्रास कशासाठी? आपण रडलो तसं यांनी का रडावं? लिहिलेलं पुसायचं आणि मग ते शोधत बसायचं, ही कुठली रीत?

त्याने ठरवलं, आपल्या शाळेत कधीच काही पुसलं जाणार नाही.

त्याने भिंतींना पांढरी माती लावली. गेरू कालवला, काजळी कालवली आणि मोठ्या मायेने एकेक भिंत रंगवली. एका भिंतीवर पाव, अर्धा, सव्वा आणि दीडचे पाढे: पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. दुसरीवर सगळी नक्षत्रं ओळीने, प्रत्येकाशेजारी त्याचं चित्र. तिसरीवर औषधी झाडं, पानाफुलांसकट. सुभाषितांना दाराच्या दोन्ही बाजू दिल्या. पाट्या त्याने माळ्यावर टाकल्या. सांगणी बंद झाली.

गाव लोटलं बघायला. पाटलांनी तोंडात बोट घातलं. बायका लेकरांना कडेवर घेऊन भिंतीवरची चित्रं दाखवू लागल्या. आणि मुलांचं तर विचारूच नका. भिंतीकडे बघून ती एका सुरात असं धडाधड म्हणत की करंजावरचे पोपटही गप्प बसावेत. जिवा नावाचा एक चुणचुणीत मुलगा तर अख्खी भिंत एका दमात म्हणून दाखवी. कुणी अडखळत नव्हतं, कुणी चुकत नव्हतं. मुलांना वाटे, आपल्याला सगळं येतं. दामोदरलाही तेच वाटे, आणि खोटं कशाला बोला, तुम्ही-आम्ही तिथे असतो तर आपल्यालाही तेच वाटलं असतं.

नाना दाराशी बसून सगळं ऐकत. एकदा ते म्हणाले, “वाचतात गोड. एक दिवस जरा बाहेर बांधावर बसव ना त्यांना.”

दामोदर म्हणाला, बसवू की नाना, थोडी थंडी कमी होऊ दे. म्हाताऱ्या माणसाला जुनी रीत सुटत नाही, असं दामोदरने मनाशी म्हटलं, आणि घोंगडी त्यांच्या खांद्यावर नीट ओढून दिली.

ऐन थंडीत परीक्षक आल्या. अंबिकाबाई त्यांचं नाव. दरबारात त्यांच्या विद्वत्तेला मान होता, वय झालेलं होतं, आणि डोंगरातल्या गारठ्याने त्यांचे गुडघे धरले होते. त्यांनी भिंती पाहिल्या, मनापासून कौतुक केलं. मग शाल आवळून घेत म्हणाल्या की आत फार गारवा आहे, आपण सगळे त्या शेतात उन्हाला बसू या.

त्यांच्या मनात काही डाव नव्हता, हे लक्षात ठेवा. म्हातारीला ऊन हवं होतं, एवढंच.

मुलं शेतात बसली. अंबिकाबाईंनी सगळ्यात हुशार दिसणाऱ्या जिवाला विचारलं, “बाळ, विशाखेच्या मागून कोणतं नक्षत्र येतं?”

जिवाने तोंड उघडलं, आणि त्याची मान आपोआप शाळेकडे वळली. शाळेची भिंत तिथून दिसत नव्हती, नुसतं छप्पर दिसत होतं. तो म्हणाला, “ते खिडकीच्या खाली हाय. पालीचा डाग हाय ना, त्याच्याशेजारी.”

“अरे, पण कोणतं?”

जिवाला डाग आठवत होता, खिडकी आठवत होती, चित्राचा रंगही आठवत होता. नाव तेवढं आठवत नव्हतं. दुसऱ्याला विचारलं, तर त्याला दिडकी कुठल्या कोपऱ्यात आहे ते ठाऊक होतं. तिसऱ्याला अडुळशाचं पान किती छान रंगवलंय ते ठाऊक होतं, ते कशाला देतात ते नाही. येसूला तेरा दीड किती म्हणून विचारलं. ती बिचारी शाळेच्या छपराकडे बघत राहिली आणि मग तिने गुडघ्यात तोंड घातलं. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या, उन्हातल्या सूर्यफुलांसारख्या, आणि उत्तर एकाच्याही तोंडी नाही.

दामोदरला शेत दिसत होतं. शेतात बसलेली पाड्यावरची पोरं दिसत होती. भाकरी थांबली की यातलं एकही पोर उद्यापासून डोंगर उतरणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

अंबिकाबाई उठल्या. त्या रागावल्या नाहीत, तेच दामोदरला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, “पंतोजी, तुमची भिंत हुशार आहे. मी खालच्या खोऱ्यातल्या शाळा बघून होळीनंतर याच वाटेने परतेन. तेव्हा मुलांना विचारीन. तोवर शेत तुमचं.”

त्या गेल्यावर दामोदर नानांपाशी जाऊन बसला. म्हणाला, “नाना, मी त्यांना सगळं दिलं. एक अक्षर पुसू दिलं नाही.”

नानांनी विचारलं, “दामू, सतराची सवायकी सांग बरं.”

“सव्वाएकवीस.” विचार न करताच त्याच्या तोंडून उत्तर निघालं.

“मघा नक्षत्राच्या मागे कोण?”

“पूर्वा फाल्गुनी, मग उत्तरा, मग हस्त.”

“कुठे शिकलास हे?”

“इथेच. या बांधावर.” आणि ते बोलता बोलता दामोदरला तो बांध आठवला. संध्याकाळचं पिवळं ऊन, शेजारी बसलेला त्याचा सांगणीचा जोडीदार कोंडाजी, त्याची कोपरखळी, नाव आठवेना म्हणून दाताखाली चावलेली गवताची काडी, आणि अचानक नाव आठवल्यावर दोघांनी मारलेली उडी. कोंडाजी आता या जगात नव्हता. पण हस्त नक्षत्राचं नाव काढलं की आजही बरगडीत त्याची कोपरखळी लागल्यासारखी वाटे.

नाना म्हणाले, “आता विद्यापीठात शेवटची जी पोथी वाचलीस, तिच्यातलं काही सांग.”

दामोदरने आठवून पाहिलं. पोथीचं लाल फडकं आठवलं. तिच्या पानांचा पिवळा रंग आठवला. पान उघडलं की डावीकडे वर एक मोर काढला होता, तोही आठवला. ती पोथी त्याने कितीतरी वेळा वाचली होती, दर वेळी मान डोलावली होती, दर वेळी वाटलं होतं की हे तर आपल्याला येतंच. आता तो उठून पेटीकडे जायला निघाला, आणि दोन पावलं टाकून तिथेच थांबला.

आपली मानही भिंतीकडेच वळते आहे, हे त्याला कळलं.

नाना हळूच म्हणाले, “वाचलेलं ओळखीचं वाटतं रे, म्हणून आपल्याला वाटतं ते आलं. गावातला माणूस चेहऱ्याने ओळखीचा असतो, पण त्याला हाक मारायची वेळ आली की नाव सुचत नाही, तसं ते. पाटी मी पोरांना रडवायला झटकत नव्हतो. नाव हाकेला येतंय का, ते त्यांचं त्यांना कळावं म्हणून झटकत होतो.”

“पण ती अडखळतात, नाना. बघवत नाही.”

“अडखळू दे. चढावर पाय अडखळतो, म्हणून पोटरी भरते.”

दुसऱ्या दिवशी दामोदरने स्वतःच्या हाताने भिंतींना पांढरी माती फासली. गावाने त्याला वेड्यात काढलं. एवढं सुंदर काम पुसताना त्याचेही डोळे भरले, पण हात थांबला नाही. माळ्यावरच्या पाट्या खाली आल्या. सांगणी सुरू झाली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, हे मी लपवणार नाही. भिंतीपुढे पोपटासारखी बोलणारी मुलं बांधावर मुकी झाली. जिवा तर रुसूनच बसला; त्याला वाटलं, आपली हुशारी कुणीतरी चोरली. रात्रभर जागून सगळं एकदम घोकून टाकू, अशी टूम एकाने काढली. दामोदरने त्याला सांगितलं की झोपेत डोकं दिवसाचं लिहिलेलं आवरून ठेवतं, तेवढी उसंत त्याला दे. रोज थोडंच नवं. रोज झटकायचं, रोज सांगायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी जुनं सगळं मिसळून. ज्याला नीट आलंय त्याने न येणाऱ्याला शिकवायचं. येसूला शिकवता शिकवता जिवाला स्वतःच्याच चुका सापडू लागल्या, आणि त्याचा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

हळूहळू बांधावरची शांतता कमी झाली. एखादा मुलगा अडायचा, आभाळाकडे बघायचा, ओठ हलवायचा, आणि मग त्याचा चेहरा असा उजळायचा की दामोदरला कोंडाजीची आठवण व्हायची. नाना घोंगडीवर बसून ऐकत. कुणी अडखळलं की त्यांच्या ओठांवर हसू येई. आपल्याला घरी सोडायला आलेल्या दामोदरला ते रोज विचारत, आज काय शिकलास? आणि दामोदर कुठलीही पोथी न उघडता सांगत असे.

माघ सरता सरता एका सकाळी नाना उठलेच नाहीत.

त्यांची एकही ओळ कुठे लिहिलेली नव्हती. एवढी वर्षं शिकवलं, ते सगळं धुळीत. दामोदरने त्यांची पाटी हातात घेतली आणि त्याला भीती वाटली की आता नानाही असेच पुसले जातील. त्या दिवशी त्याने सांगणी घेतली नाही. तो एकटाच बांधावर बसला होता. तेव्हा येसू त्याच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “धाकटे पंतोजी, नाना काय काय म्हणायचे ते सांगा की. मला थोडं येतंय. अडलं की तुमी थांबा, मी आठवते.”

मग दोघं डोंगराकडे तोंड करून नानांची सांगणी करत बसले. एक एक करून बाकीची मुलंही आली. अंधार पडायच्या आत इतके नाना निघाले की दामोदरला रडू आणि हसू एकदमच आलं.

होळी झाली आणि अंबिकाबाई परत आल्या. आता थंडी सरली होती, तरी त्या शेतातच बसल्या. पांढऱ्या भिंतींबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी जिवाला विशाखेनंतरचं नक्षत्र विचारलं. तो म्हणाला अनुराधा, आणि न विचारता पुढचीही चार सांगितली, कारण जिवा तो जिवाच. अडुळसा खोकल्याला देतात, काढा मधातून द्यावा, हेही आलं. एक-दोन उत्तरं चुकली. चुकलेल्या मुलांनी तसं कबूल केलं आणि उद्या सकाळी आधी हेच विचारू म्हणाली.

मग अंबिकाबाई येसूकडे वळल्या. “तेरा दीड?”

येसूची मान शाळेकडे वळली नाही. तिने डोळे मिटले. तिचं बोट गुडघ्यावरच्या धुळीत हळूहळू फिरू लागलं. कुणी तिच्या तोंडात उत्तर घातलं नाही, तशी त्या शाळेची रीतच नव्हती.

“साडेएकोणीस,” येसू म्हणाली. तिने डोळे उघडले, तेव्हा अंबिकाबाईंचे डोळे पाणावले होते. आपलंही बोट लहानपणी अशाच कुठल्यातरी धुळीत फिरलं होतं, एवढंच त्या बोलल्या. शेत शाळेचं राहिलं. दुपारी भाकरी झाली आणि पाहुण्यांनीही मुलांच्या पंगतीत बसून खाल्ली.

पुढे दामोदरही म्हातारा झाला आणि त्याच्यामागून येसूने शाळा चालवली. भिंती पांढऱ्याच राहिल्या. संध्याकाळी पाट्या झटकल्या की करंजाच्या झाडांखाली लाल धूळ उडे, आणि बांधावरून मुलांचे आवाज येत, अडखळत, थांबत, पुन्हा पुढे जात. एखाद्या रडणाऱ्या पोरापुढे उकिडवी बसून येसू त्याचं माखलेलं बोट हातात धरी आणि नानांचंच वाक्य म्हणे. तिने ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

म्हणून बाळांनो, समोर दिसतं ते आपल्याला येतंच असं नाही. पुसून टाकल्यावर जे आठवतं, तेवढंच आपलं शिकणं.